डिंकानं लावलेली काच

श्रावणातल्या एका सकाळी दादाचा फोन आला. "तुझी वैनी गेली रे," एवढंच तो बोलला. मग म्हणाला, "विमानाची काच पण सुटलीय." दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, म्हाताऱ्याला भ्रम झाला. मला मात्र त्या दुसऱ्या वाक्यानंच रडू फुटलं.

ते विमान साठच्या दशकातलं. दादा तेव्हा मुंबईला विमानतळावर सामान चढवायच्या कामाला होता, वहिनी उमरठजवळच्या आमच्या वाडीत शेत सांभाळायची आणि मी महाडला नुकताच मास्तर झालो होतो. मायदेशी परत निघालेल्या कुणा साहेबानं दादाला छोटं विमान जोडायच्या सामानाचा एक खोका दिला. आत बाल्सा नावाच्या लाकडाच्या पातळ फळ्या, आमच्या पांगाऱ्याहूनही हलक्या, चिकटवायच्या सोल्युशनची ट्यूब आणि आरपार दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या तीन काचा. दोन खिडक्यांच्या आणि एक मोठी, वैमानिकाच्या डोक्यावरची. गणपतीच्या रजेत दादा तो खोका घेऊन आला. आपण कसल्या धुडात सामान भरतो ते बायकोला दाखवायची त्याला भारी हौस. आमच्या डोंगरावरून विमान गेलंच, तर ढगाआडून घरघर तेवढी ऐकू यायची.

नवरा-बायको पडवीत बसून दाढीच्या पात्यानं फळ्या कापत. लोकांच्या घरी आरत्या-भजनं आणि यांच्याकडे विमानाचा कारखाना, म्हणून वाडी हसायची. मीही हसलो. दादानं सोल्युशन लावून दोन्ही खिडक्या बसवल्या आणि सकाळी बघतो तर त्या पांढऱ्याफटक! सोल्युशनच्या वाफेनं प्लॅस्टिक धुरकटलं होतं. पुसून झालं, घासून झालं... काही उपयोग नाही. "मोतीबिंदू झालाय त्यांना," वहिनी म्हणाली. "मोठीला नका लावू ते औषध." लाडवांसाठी आणलेला डिंक डब्यात उरला होता. त्यातले स्वच्छ खडे निवडून तिनं कोमट पाण्यात विरघळवले, काडीनं मोठ्या काचेच्या कडेला लावले आणि वरून दोऱ्याचे वेढे दिले. काच लख्ख राहिली. आत दादानं कोरून बसवलेला चिमुकला वैमानिक स्पष्ट दिसत होता. "तुमच्यासारखाच बसलाय, पाठ वाकवून," वहिनी म्हणाली आणि दादा चक्क लाजला.

पुढच्या पावसाळ्यात दमट हवेनं डिंक मऊ पडला आणि काच सुटली. मी गेलो होतो, म्हटलं लावून देतो. "ऱ्हाऊ दे भावोजी," काच पदरानं पुसून डब्यात ठेवत ती म्हणाली, "ज्याचं काम त्यो येऊन करंल." गणपतीला दादा आला आणि दोघांनी मिळून ती लावली. मग तो पायंडाच पडला. पण वाडीतले किती तरी पुरुष मुंबईला गेले ते हळूहळू तिकडचेच झाले होते. आधी त्यांचा शिमगा सुटला, मग गणपती. दादालाही पुढे दोन वर्षं रजा मिळाली नाही, निदान तो तसं म्हणायचा. विमान तसंच उघडं राहिलं. वहिनी तक्रार करणाऱ्यांतली नव्हती, पण तिचा चेहरा मला बघवायचा नाही. एकदाच मला म्हणाली, "त्यांना कळवा भावोजी, आतला मानूस उघडा पडलाय." मी तस्संच कळवलं. त्या गणपतीला दादा हजर!

येताना त्यानं नवं सोल्युशन आणलं होतं, काच न धुरकटवणारं. वहिनीनं ट्यूब उलटसुलट करून पाहिली.

"ह्यानं कायमची चिकटती?"

"कायमची."

"मग नको."

"अगो, दरसाल तीच कटकट कशाला?"

"सुटू दे वो. सुटली की तुमी येता."

दादानं ट्यूब परत पिशवीत टाकली... बायको इतकी वर्षं कशाला धरून बसली होती ते त्याला तेव्हा कळलं. मलाही तेव्हाच कळलं, आणि आपण हसलो होतो त्याची लाज वाटली. त्यानंतर दादाचा एकही गणपती चुकला नाही. नोकरी संपवून तो कायमचा घरी आला, तरी दरवर्षी वाटीत डिंक भिजायचाच. दोघं भांडत भांडत काच लावायची. तिचं म्हणणं काच वाकडी बसली, त्याचं म्हणणं तिचे डोळे वाकडे.

तेरावं झालं. पाहुणे पांगले. यंदा घरात गणपती नाही. फळीवर विमान उघडंच होतं, बाजूच्या खिडक्या अजून तशाच आंधळ्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "दादा, पोलादपुरात आता चांगला पक्का गोंद मिळतो. घेऊन येऊ का?" तो उठून आत गेला. परत आला तेव्हा हातात वाटी होती; डिंक त्यानं सकाळीच भिजवला होता.

"तूच लाव." त्यानं वाटी माझ्यापुढे सरकवली.

मी काडीनं डिंक लावला, काच बसवली, दोरा गुंडाळला. दादानं विमान उजेडात धरून पाहिलं. काच किंचित वाकडी बसली होती, पण ते सांगणारं आता कुणी नव्हतं.

"पुढच्या पावसात परत सुटेल रे ही," मी म्हटलं.

"सुटू दे," दादा म्हणाला. "म्हंजे तू येशील."