आहेराच्या पराती आणि ग्रीकांची लढाई

ग्रीक लोक कसे लढत, हे मी अकोल्याच्या एका थेटरात शिकलो. रविवारी सकाळी तिथे इंग्रजी सिनेमे लागत. दोन सैन्यं आरोळ्या ठोकत एकमेकांवर धावून जायची आणि मिनिटभरात रांगांचा पार चिवडा व्हायचा. मग जो तो आपापला शत्रू हुडकून त्याच्याशी स्वतंत्र लढायचा. शिरस्त्राणं फक्त मरणाऱ्यांना. नायक आपलं पहिल्याच झटक्यात भिरकावून द्यायचा, नाहीतर त्याचे केस कोणी बघायचे? संवाद मला ओ की ठो कळत नसत. लढाईला भाषा कशाला लागते, अशी माझी समजूत.

पुढे मी अमरावतीच्या एका शाळेत इतिहास शिकवू लागलो, तोही हंगामी. हंगामी मास्तरला मुलगी द्यायला कोणी तयार नव्हतं. अशात मुख्याध्यापकांनी स्नेहसंमेलनातलं नाटक माझ्याकडे सोपवलं. म्हणाले, "नाटक पाहून तुमचं कायम करायचं ठरवू."

मी अर्थात ग्रीकांची लढाई बसवली. भाले बांबूचे, तुरे केरसुणीचे, इराण्यांच्या हाती सुपं. ग्रीकांच्या ढालींसाठी घरोघरच्या पितळी पराती. आया रोज परात द्यायला राजी नव्हत्या, म्हणून तालमी पुठ्ठ्यावर भागवल्या. परात आहेरात आलेली असते, तिच्यावर 'मामाकडून सप्रेम भेट' असं कोरलेलं असतं, आणि त्या मामाला पोचा गेला तर घरात काय होतं, हे माझ्यासारख्या सड्या माणसाच्या डोक्यात कुठून येणार?

पडदा उघडला. आरोळी झाली, धावाधाव झाली आणि पहिलाच बांबू परातीवर ठण्णकन बसला. सतरंजीवरून एक बाई उठली.

"काहून रे पोट्ट्या! माह्या भावानं देल्ली हाय ते परात!"

"आई, आमी लढून राहिलो ना!" ग्रीक योद्धा रडकुंडीला आला.

"मंग लढ ना! परात काहून मधात घालतं?"

झालं. बाकीच्या आयाही उठल्या. मी पडद्याआडून ओरडतोय, "पांगा रे! एकेकटे लढा!" पण ऐकतो कोण? पोरं एकमेकांना चिकटली. परातीची कड परातीवर चढली आणि परातीला कोणाचा टोला पोचूच नये म्हणून सगळे बांबू पुढे आले. ती पितळी भिंत पाऊल पाऊल सरकत निघाली. सुपंवाले इराणी मागे हटत हटत विंगेत माझ्या अंगावर येऊन पडले.

मी मनातल्या मनात ट्रंक भरत असताना मुख्याध्यापक आत आले.

"सिनेमावाले दर वेळी रांग मोडतात हो! ग्रीक असेच लढायचे, ढालीला ढाल लावून. कुठं वाचलंत?"

"सर, मी नेमकं उलटं शिकवलं होतं. हे यांच्या आयांनी बसवलं."

हसता हसता त्यांची टोपी खाली आली. "मग कायम कोणाले करू? त्यांले?"

आपली परात पदरानं पुसत उभी असलेली ती बाई म्हणाली, "मास्तरलेच करा जी. आमाले घरी सैपाक हाय."

पुढच्या महिन्यात हुकूम आला. सही मुख्याध्यापकांची होती. पण नंतर नोकरीभर, कोणाची आई तक्रार घेऊन शाळेत आली, की मी आधी उठून उभा राहायचो आणि मगच ऐकायचो.