हॅलोबाईंचा दहाचा फोन

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढलेल्या बाईंना चर्चमधली लहानथोर सगळी माणसं हॅलोबाई म्हणत. बाईंना त्याचं काही वाटत नसे. त्यांची ख्याती वेगळीच होती. एवढ्या वर्षांत हजारो माणसांचं बोलणं त्यांच्या कानांवरून गेलं, पण त्यातला अर्धा शब्दही त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडला नाही. "ऐकलं ते लाइनवरच सोडायचं," असं त्या म्हणत, आणि तसंच वागत.

साथ आली आणि चर्चच्या दाराला कुलूप लागलं. पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी फुलदाणीच्या स्टँडला फोन बांधून रिकाम्या बाकांपुढे उपासना घेतली. फोन आडवा बांधला गेला होता. तासभर पाळकसाहेब घराघरांत आडवे दिसत राहिले आणि मंडळींनी माना वाकड्या करून प्रवचन ऐकलं. दोन दिवस सगळे हसत होते. तिसऱ्या आठवड्यात गायनमंडळातल्या भारदस्त आवाजाच्या गायकाला पांढऱ्या गाडीतून नेलं. सहाव्या दिवशी तो बंद पेटीतून परत आला. दफनाला चार माणसांची परवानगी होती आणि त्या चारांत घरचं कुणी नव्हतं, कारण घरच्यांनाही कोंडून ठेवलेलं होतं. त्यानंतर कुणी हसलं नाही.

मग पाळकसाहेबांनी मंडळीतली घरं वाटून दिली. बारा जणांनी बारा-बारा घरांना रोज सकाळी दहाला फोन करायचा. बरं असेल तर वहीत बरोबरची खूण, आजारी असेल तर फुली. फुली पडली की लगेच पाळकसाहेबांना सांगायचं, ते आरोग्य खात्याला कळवणार. हॅलोबाईंच्या वाट्याला म्हातारी, एकटीदुकटी घरं आली.

"मुद्दाम तुम्हाला दिलीत," पाळकसाहेब म्हणाले. "तुमच्यापाशी माणसं मोकळं बोलतात."

बाई भावाकडे राहत. भावजय चेष्टा करायची, "वन्सं, तुम्ही निवृत्त झालात ते कागदावरच. आख्खं एक्स्चेंज घरी उचलून आणलंत की!"

नवव्या क्रमांकाला टेलरकाका आणि टेलरकाकू होते. दोघंच. पोटी मूल नाही, चाळीस वर्षं एकाच मशीनवर दोघांनी संसार शिवलेला. गायनमंडळाच्या जुन्या झग्यांची अस्तरं उसवून काकू सगळ्या मंडळीसाठी मास्क शिवत होत्या. फोन काका उचलायचे.

"हॅलोबाई, आम्ही अजून जमिनीच्या वर आहोत. लिहून घ्या!"

मागे पायमशीन चाललेली असायची. थोडी चालायची, थांबायची, पुन्हा थोडी चालायची. मास्कचा कोपरा आला की काकू कापड वळवतात, हे बाईंना न बघताही कळायचं. बाईंचे कान तसे होते. माणूस तोंडानं काय सांगतोय त्याच्याबरोबर त्याच्या मागची खोलीही त्यांना ऐकू यायची.

एका मंगळवारी मागची खोली गप्प होती.

"काकू कुठेत?"

"झोपलीय."

बुधवारी पुन्हा, "झोपलीय."

"सकाळी दहाला?"

"रात्री जरा जागली. तुमचं काय, तुम्ही बऱ्या ना?" काकांनी घाईनं फोन ठेवला.

बाईंनी खूण करायला पेन्सिल उचलली, पण तो शब्द त्यांच्या कानात अडकून बसला. चर्चच्या फोनवरून दर एक-दोन दिवसांनी कुणी गेल्याचे निरोप येत होते, अमके प्रभूमध्ये झोपी गेले, तमक्या झोपी गेल्या. झोप हा शब्दच त्या दिवसांत कुणी सहज उच्चारत नव्हतं. तरी बाईंनी बरोबरची खूण केली.

गुरुवारी बाईंनी काही विचारायच्या आतच काका म्हणाले, "आज बरी आहे. ऐका, कामाला बसलीय."

मशीन खरंच चालली होती. बाईंच्या जिवात जीव आला. पण पेन्सिल कागदावर टेकता टेकता थांबली. मशीन सरळ एका दमात धावत होती. कोपरा येत नव्हता. सुईखाली कापडाचा जड आवाजच नव्हता.

"काकूंकडे द्या जरा."

"तिचे हात... गुंतलेत."

काकांचा आवाज मशीनच्या ठेक्यावर हलत होता.

"काका," त्या हळू म्हणाल्या, "पाय थांबवा."

मशीन थांबली. मग मागून कुणाचातरी श्वास ऐकू आला, ओल्या कापडातून ओढल्यासारखा.

"बाई, तुमच्या पाया पडतो," काका कुजबुजले. "कुणाला सांगू नका. तुम्ही सांगत नाही म्हणून तर तुमचा फोन उचलतो मी. त्या गायकाला नेलं तसं हिला नेतील. मला पुन्हा तोंडसुद्धा बघायला मिळणार नाही."

"काका, तिचा श्वास ऐकताय ना तुम्ही?"

"दोन दिवसांत उतरेल. वाफ देतोय."

फोन बंद झाला. बाई वहीकडे बघत बसून राहिल्या. भावजयीनं दोनदा हाक मारली ती त्यांना ऐकूच आली नाही. पाऊण तासानं त्यांनी फुली काढली आणि पाळकसाहेबांचा नंबर फिरवला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी लाइनवरचं ऐकलेलं तिसऱ्याला सांगितलं.

दुपारी गाडी आली. काकूंना नेलं, काकांच्या दारावर कागद चिकटवला आणि चौदा दिवस बाहेर पडायचं नाही असं बजावलं. "कुणी सांगितलं म्हणून काकांनी मला विचारलं," पाळकसाहेब संध्याकाळी म्हणाले. "मी नाव घेतलं नाही. पण ते नुसतेच हसले."

शुक्रवारी नवव्या क्रमांकाची घंटा वाजून वाजून थांबली. शनिवारी काकांनी उचलला.

"आता ऐका... खुशाल," एवढंच म्हणाले आणि ठेवून दिला.

बाईंच्या कानशिलात चपराक बसल्यासारखं झालं. वहीत रागाची खूण ठरलेली नव्हती, म्हणून त्यांनी शब्द लिहिला, 'रागावले आहेत.' फुली नव्हती, तेव्हा पाळकसाहेबांनीही काही विचारलं नाही. रविवारी बाईंनी आठव्या घरानंतर थेट दहावं लावलं. सोमवारीही तसंच.

"टेलरकाकांना केलात का फोन?" भावजयीनं विचारलं.

"राहू दे थोडे दिवस. राग निवळू दे."

"राग यायचाच. पण तुम्ही नसतं सांगितलं तर काकू..."

"बास कर गं!" बाई म्हणाल्या.

मंगळवारी साडेनवाला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"हॅलोबाई, मी टेलरकाकू. नर्सबाईंच्या फोनवरून बोलतेय. माझा ऑक्सिजन काढला हो काल. जगले. पण हे फोन उचलत नाहीयेत परवापासून. तुमचा तर रोज जातो ना? काय म्हणतात?"

"बघते," एवढंच त्या म्हणाल्या. नववा क्रमांक लावला. घंटा वाजत राहिली आणि ती ऐकताना त्यांना शनिवारचे तीन शब्द पुन्हा ऐकू आले. 'आता ऐका,' आणि मग मध्ये एक खाच, आणि मग 'खुशाल.' ती खाच रागाची नव्हती. काकांना दम पुरला नव्हता. ज्या कानांना कापड नसलेली सुई कळली त्यांना हे कळलं नव्हतं, कारण बाई त्या वेळी स्वतःचा अपमान ऐकत होत्या.

दार फोडावं लागलं. काका पलंग आणि मशीनच्या मध्ये पडलेले सापडले. श्वास होता. काकूंच्याच इस्पितळात, वरच्या मजल्यावर त्यांना ठेवलं. नर्सबाईंनी काकूंना चाकाच्या खुर्चीतून वर नेऊन काचेपलीकडून दाखवलं. काकांनी डोळे उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते गेले.

काकू घरी परतल्या तेव्हा पाळकसाहेबांनी चाचरत विचारलं, "ते घर दुसऱ्या कुणाकडे देऊ का, बाई?"

"नको," हॅलोबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दहाला त्यांनी नंबर लावला. काकूंनी उचलला. औषधं घेतली का, खाल्लं का, झालं. मग काकू म्हणाल्या, "एक विचारायचं होतं. शेवटी शेवटी तुमच्याशीच बोलायचे ना ते. काय म्हणायचे? माझं काही विचारायचे?"

'विचारायचे की, रोज विचारायचे,' एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. काकूंनाही तेवढंच हवं होतं.

"काकू, रविवारी मी फोन केला नाही," हॅलोबाई म्हणाल्या. "सोमवारीही नाही. मला वाटलं, ते माझ्यावर रागावलेत."

फोन ठेवल्याचा खट्ट आवाज येईल म्हणून बाई कान देऊन थांबल्या. तो आला नाही. काकूंचा श्वास चालू होता, अजून अर्धाच.

"आणि शनिवारी?" काकूंनी विचारलं.

"शनिवारी उचलला होता," हॅलोबाई म्हणाल्या, आणि त्यांनी ते तीन शब्द जसे ऐकले होते तसेच सांगितले, मधल्या खाचेसकट.