चार वाड्यांची तार

दादा गेल्याची बातमी मला पनवेलहून कळली. तो राहत होता इथंच दिवेआगरात, माझ्या घरापासून चार वाड्या पलीकडे. मधे दगडांचे दोन गडगे आणि एक पायऱ्यांची पाखाडी, तरुण पायांना हाकेचं अंतर. आणि बातमी आली पनवेलचा फेरा मारून. सकाळी त्याच्याकडे कामाला येणाऱ्या सुगंधानं दार ठोठावलं, ते उघडेना, तिनं खिडकीतून पाहिलं आणि घाबरून आधी समीरला फोन लावला. समीर म्हणजे दादाचा मुलगा. त्यानं मला लावला. "आत्या, बसली आहेस ना?" एवढं तो म्हणाला तेव्हाच मला कळलं. मी बसलेलीच होते, विळीवर, नारळ खवत. हातातली वाटी मी पूर्ण खवून संपवली. आमच्या खानावळीत त्या दिवशी पाहुणे जेवायला होते आणि हात आपोआप चालत होता. या वयात बातमी ऐकून माणूस ताडकन उठत नाही, आधी गुडघ्यांची परवानगी घेतो.

आदल्या संध्याकाळी त्याची घंटी आली होती. एकच. आमच्यात एक घंटी म्हणजे सगळं ठीक. मीही रोजच्यासारखी उलट एक दिली होती, इथंही ठीक... तेच आमचं शेवटचं बोलणं.

कसली घंटी ते सांगायला हवं. दादा श्रीवर्धनच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होता. तेव्हा फोनला नंबर फिरवायची चकती नसायची. हँडल फिरवायचं, की तिकडे दादासमोर पट्टी पडायची आणि तो "नंबर प्लीज" म्हणायचा. समोर भोकांची मोठी फळी. तिच्यात वायरी खुपसून तो माणसाला माणूस जोडायचा. मुंबईचा ट्रंक कॉल सकाळी नोंदवला तर संध्याकाळी लागायचा, तोही समुद्राच्या तळाशी बसून बोलल्यासारखा. अख्ख्या तालुक्याची बारशी, मयतं, नोकऱ्या दादाच्या कानावरून जायच्या, आणि घरी आल्यावर हा तोंडाला कुलूप लावून बसायचा. आई वैतागायची. "जगाची बोलणी जोडतोस, घरात दोन शब्द बोल की रे!" दादा म्हणायचा, "दिवसभर ऐकून पोट भरतं."

माझं लग्न गावातल्या गावात झालं. सगळे म्हणाले, नशीबवान आहे, माहेर डोळ्यांसमोर. डोळ्यांसमोरचं माहेर म्हणजे काय ते ज्या भोगतात त्यांनाच ठाऊक. लांबच्या सुनेला सणावारी चार दिवस तरी धाडतात. माझ्या बाबतीत सासूबाईंचं ठरलेलं उत्तर, "इथंच तर आहे, जाशील की केव्हाही." ते केव्हाही कधी उजाडलंच नाही. परसदारी भांडी घासताना पोफळींच्या शेंड्यांवरून आईच्या चुलीचा धूर दिसायचा, आणि मी तो बघत राख जास्त घासायची.

हे दादानं कधी पाहिलं कोण जाणे. एक्स्चेंजमधले जुने हँडलवाले फोन भंगारात निघाले, त्यातले दोन त्यानं घरी आणले. एक माहेरच्या ओटीवर लावला आणि दुसरा घेऊन थेट आमच्या मामंजींपुढे, म्हणजे माझ्या सासऱ्यांपुढे, उभा राहिला. माझं नावही काढलं नाही. म्हणाला, "मामा, सुपारीचा भाव आमच्या बाबांना विचारायला उन्हातान्हात येता. बसल्या जागी विचारा." मामंजींना वाटलं, गावात एक आपण मोठे. सुपारी उतरवणारा नथू एका पोफळीवरून झोका घेऊन दुसरीवर जायचा, तसा तो तार घेऊन चार वाड्या पार करून आला आणि आमच्या अंगणात उतरून मोठ्यानं म्हणाला, "आता बायला म्हायेरला जायाला वाट न्हाय लागायची, व्हय ना दादा?" दादानं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

पण फोन लागला माजघरात, मामंजींच्या झोपाळ्याच्या डोक्यावर. त्यांच्या कानाशी उभी राहून मी आईला काय सांगणार होते? म्हणून दादानं मला खुणा शिकवल्या. दिवेलागणीला एक घंटी म्हणजे ठीक, उचलायचंही नाही. दोन म्हणजे बोलायचंय. तीन म्हणजे ये. आणि एक गोष्ट त्यानं माझा हात हँडलवर ठेवून शिकवली. "जड लागतंय? म्हणजे तार शाबूत आहे, पलीकडे माझा फोन आहे. हलकं फिरलं तर समज, मधे तुटलंय." मी म्हटलं, वीज गेली की? "हिला वीज नको, घंटीला सेलही नकोत. तुझा हात पुरे."

वानरांनी तार तोडली की हँडल हलकं व्हायचं, मग दादा बांबू घेऊन वाडीवाडीतून हिंडायचा. लोक हसायचे. म्हणायचे, बहीण एवढ्यावर, आणि हा तारेला गाठी मारतोय!

तीन घंट्या मी एकदाच दिल्या. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी माझं पोटातलं गेलं. घरात कोणी वाईट वागलं नाही, पण कोणी बोललंही नाही. चौथ्या दिवशी मी पुन्हा विहिरीवर होते. त्या संध्याकाळी कुणाचं लक्ष नाही असं पाहून मी हँडल तीनदा फिरवलं. दादा नुकताच कामावरून आलेला, तसाच आला. सासूबाईंना म्हणाला, "आईनं पातोळे केलेत, हिला न्यायला सांगितलंय." आईनं काही केलेलं नव्हतं. पाखाडीवरून जाताना त्यानं मला एक अक्षर विचारलं नाही, फक्त माझी पिशवी घेतली. मी आठवडाभर माहेरी होते, आणि तो आठवडा मला आयुष्यभर पुरला.

मग काळानं वेग घेतला. एक्स्चेंजमधली फळी गेली, खडखडणारी आपोआप चालणारी यंत्रं आली, तीही गेली आणि खोलीभर काम एका कपाटात मावायला लागलं. दादा सगळं शिकला. पण निवृत्तीच्या दिवशी घरी येऊन म्हणाला, "मला शाल मिळाली, नारळ मिळाला. त्या फळीला काय मिळालं? भंगारवाला." आमच्याकडे सरकारी फोन आला, पर्यटक आले, मोबाइल आले. मामंजी, सासूबाई, आई, बाबा, माझे यजमान, वहिनी, एकेक करून सगळे गेले. आता मी कुणाच्याही परवानगीशिवाय माहेरी जाऊ शकत होते, आणि जायला गुडघे उरले नव्हते. घंटी मात्र रोज यायची.

करोनाच्या सालातल्या वादळानं आमच्या वाड्या आडव्या केल्या. पन्नास पन्नास वर्षांची झाडं एका दुपारी गेली. टॉवर पडले, वीज गेली, मोबाइल म्हणजे नुसती काच झाली. मला वाटलं, तारेचाही निकाल लागला, आणि खरं सांगते, सुटल्यासारखंही वाटलं. किती सांभाळायचं माणसानं? तर तिसऱ्या की चौथ्या दिवशी दादा, सत्तरी उलटलेला, पडलेल्या माडांवरून पाय टाकत, बांबू रोवत तार ओढत आला. पायजमा फाटलेला, पोटरी सोललेली. मी चिडले. "कुणासाठी जीव काढतोस? बोलतोस तरी कुठं?" तो पाणी प्यायला. म्हणाला, "बोलायला नाही ती. तू आहेस ते कळायला." आणि घरी जाऊन एक घंटी दिली.

स्मशानातून सगळे परतले तेव्हाही मी रडले नाही. लोकांना वाटलं, खंबीर आहे. खंबीर कसली, दमले होते. समीरचं सगळं बस्तान पनवेलला, तो मोबाइलच्याच कंपनीत आहे. वाडी विकायची म्हणतो. मी काय बोलणार? स्वतः थकलेल्यानं दुसऱ्याला राबत राहा म्हणू नये.

तेराव्यानंतर तो आला. दादाच्या धुतलेल्या पंच्यात काहीतरी गुंडाळलेलं. उघडलं तर दादाचा फोन, पितळेच्या घंट्या चिंचेनं घासून लखलखीत केलेल्या. "आत्या, बाबांची ही आठवण तुझ्याकडेच राहू दे." किती मायेनं केलं होतं पोरानं! मी त्याच्या गालावरून हात फिरवला, त्याच्या हातावर नारळाची वडी ठेवली. तो फोन माझ्या फोनशेजारी फळीवर ठेवला.

दिवेलागणीला सवयीनं माझा हात हँडलवर गेला. दादा जाऊन इतके दिवस झाले तरी मी रोज एक घंटी देत होते आणि हँडल रोज जड लागत होतं. त्या दिवशी ते भिरभिर फिरलं. हलकं... जत्रेतल्या चक्रीसारखं. दादा गेला हे मला त्या क्षणी कळलं. मी मोठ्यानं रडले. सून स्वयंपाकघरातून धावत आली. "आई, काय झालं?" मला एवढंच म्हणता आलं, "हलकं लागतंय गं."

सकाळी समीरला बोलावून म्हटलं, "बाळा, होता तिथं नेऊन लाव."

"आत्या, बंद घरात ऐकणार कोण?"

"ऐकायला नको कुणी. मला जड लागायला हवं."

त्याला कळलं की नाही, माहीत नाही. पण तो फोन काखोटीला मारून गेला आणि तार जोडून आला. घर विकलं जाईपर्यंत राहू देईन म्हणालाय.

सुगंधा सांगते, "संध्याकाळची त्या घराकडनं जाताना आत घंटी वाजते, मानसं दचकतात." दचकू देत. माझी बोटं आता सुजलेली असतात, हँडल फिरवताना कळ कोपरापर्यंत जाते. तरी दिवे लावून झाले की मी फळीपाशी जाते. हँडल जड लागतं. रोज वाटतं, तीन घंट्या द्याव्यात. पण तीन दिल्या तर यायला आता कोणी नाही. म्हणून एकच देते.