दोन किलो जास्त

बचाव पथकाच्या तळावर सगळे त्यांना ताई म्हणायचे, वैमानिकसुद्धा, आणि तो तर त्यांच्याहून मोठा! डोंगरात, पुरात कुणी अडकलं की हेलिकॉप्टरमधून दोराने खाली उतरायचं, जखमीला सावरायचं आणि वर आणायचं, हे ताईंचं काम. वय सत्तेचाळीस. दरवर्षी ताकदीची परीक्षा. नापास झालं की जमिनीवरची नोकरी, आणि तिचं नुसतं नाव काढलं तरी ताईंचं डोकं फिरायचं.

गेल्या परीक्षेत वाळू भरलेला पुतळा खांद्यावर घेऊन जिना चढताना त्यांना धाप लागली होती. त्या पुतळ्याला तळावर जावईबापू म्हणत. स्वतः काडीचं काम करायचं नाही, बाकीच्यांनी मात्र उचलून धरायचं! मग काय, ताईंनी वर्षभर व्यायामशाळेत वजनं उचलली. नवरा बेकरीवाला. तो म्हणायचा, "अगं, माझी पिठाची पोती उचल, पगार देतो."

यंदा जावईबापू असे झरझर वर गेले की परीक्षक बघतच राहिला. पोहणं झालं, दोराला लटकणं झालं. ताई निवांत झाल्या. आणि मग आला वजनाचा काटा. कपडे, हेल्मेट, औषधांची पिशवी, सगळ्यांसकट वजन. दोन किलो जास्त! वर्षभर कमावलेले दंडच नडले की हो.

"दोन किलो जास्त म्हणजे तेवढं इंधन कमी," परीक्षक म्हणाला आणि त्याने पिशवी उघडली. "हे काय? जाड पांघरूण, लहान मुलाच्या मापाचा मानेचा पट्टा? हे नियमात नाही. काढून ठेवा, आत्ता पास करतो."

एकदा ताईंनी एका पोराला बर्फातून वर आणलं होतं, अंगावर पातळ चादर घालून. पोर जगलं. पण त्याची ती थरथर ताईंच्या हातांतून काही गेली नव्हती.

"पिशवी तशीच राहील," ताई म्हणाल्या. "कमी व्हायचं तर मी होते."

"महिनाभर जमिनीवर बसावं लागेल."

"बसते की!"

त्यांच्या जागी नुकतीच भरती झालेली, काडीपैलवान पोरगी आली. तिच्या खांद्यावर ताईंनी आपलीच पिशवी अडकवली, तरी तिचं वजन मर्यादेत. दुसऱ्याच आठवड्यात एक गाडी दरीत कोसळली. हेलिकॉप्टर उडालं आणि ताई खाली, जीव टांगणीला लागलेला.

परत आलं तेव्हा स्ट्रेचरवर एक चिमुरडी होती. मानेला पट्टा, नाकापर्यंत ताईंचं पांघरूण, आणि आत ती चक्क झोपलेली. ताईंना भरून आलं. आपण वर नव्हतो, याची चुटपुटही लागली.

संध्याकाळी नवऱ्याने गरम बिस्किटं पुढे केली. ताईंनी वास घेतला, बशी सारली आणि पळायला गेल्या.

महिन्याने त्या पुन्हा काट्यावर चढल्या, पिशवीसकट. परीक्षकाने काटा पाहिला आणि पिशवी न उघडताच सही केली. मागे ती पोरगी रांगेत उभी होती. तिचीही पिशवी आता तेवढीच फुगलेली.

"ताई, मी पण दोन किलो जास्त भरले तर?"

"तर जावईबापूंना घेऊन जिने चढ," ताई म्हणाल्या. "पांघरुणाला हात लावायचा नाही."