ज्योतीचं कर्ज मंजूर झालं, माझं नाही

परवा बँकेत जाऊन आले. त्याआधी काय झालं ते क्रमाने...

१. मी आणि मैत्रीण ज्योती, दोघींनी एकाच दिवशी एकाच बँकेत दुकानासाठी अर्ज दिला. सरकारी हमीचं कर्ज, तारण लागत नाही.
२. दोघींच्या फाईल्स मी तयार केल्या.
३. दोन्ही दुकानांची पाहणी एकाच सकाळी, एकाच साहेबांनी केली.
४. तिचं मंजूर. माझ्या दुकानाची पाहणी पुन्हा होणार.

डिंडोलीत ज्योतीचं मॅचिंग सेंटर आहे... फॉल, अस्तर, ब्लाउजपीस. चार दुकानं पुढे माझं, शिलाई मशीनचे पार्ट आणि मशीनच्या मोटारींची दुरुस्ती. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलाय, ती बारावी. हे सांगायची गरज नव्हती, पण आठवडाभर डोक्यात हेच चाललंय.

कर्जातून मला नव्या मोटारी ठेवायच्या आहेत. नवागामच्या बायका घरी शिवतात. मोटार जळली की नवीन आणायला शहरात जावं लागतं, दिवसाची मजुरी बुडते. लग्नसराईआधी माल आला नाही, तर माझं हे वर्ष गेलं.

ज्योतीने मंजुरीपत्राचा फोटो ग्रुपवर टाकला. मी 'अभिनंदन' लिहिलं. मग फोटो झूम करून पाहिला... मागे तिची फाईल होती, अनुक्रमणिका मी टाईप केलेली.

माझ्या फाईलमध्ये कुठे चूक राहिली, हे विचारायला परवा बँकेत गेले. साहेब गुजरातीत म्हणाले, "बेन, फाईल तो एकदम सरस छे. पण दुकानमां एक पण घराक नोतो."

गिऱ्हाईक नव्हतं, कारण मीच घालवलं होतं. साहेब अकराला येणार म्हणून दहापासून प्रत्येकीला "चारनंतर या" सांगत होते. नऊ जणी परत गेल्या. माल यादीशी शांतपणे ताडून बघता यावा, एवढाच हेतू. यादी शेवटच्या बॉबिनपर्यंत जुळली.

ज्योती तर पाहणी आहे हेच विसरली होती. गर्दीमुळे साहेब वीस मिनिटं दारात उभे. एका मावशींनी त्यांच्याच हातात फॉल दिला, "भैया, जरा उजेडात धरा." त्यांनी धरला! ज्योती हे हसत हसत सांगत होती. मी माझं सांगितलं, तसं तिचं हसू थांबलं.

"येडी शे का तू? गिऱ्हाईकलेच परत धाडं?"

आणि मग, "मला विचारायचं ना."

हे जास्त लागलं. तीन संध्याकाळी मी तिला फाईल समजावत बसले होते. तिलाही काही विचारण्यासारखं असेल, हे माझ्या मनातच आलं नाही.

साहेब मंगळवारी अकराला पुन्हा येणार आहेत. या वेळी दुकान चालू राहील. त्या नऊ जणींपैकी ज्यांचं काम अजून बाकी आहे, त्यांना मी तेव्हाच बोलावलंय.

ज्योती, तू हे वाचशीलच. गिऱ्हाईक आणि साहेब एकाच वेळी मला सांभाळता येत नाहीत, तुला येतात. तुझा हेवा वाटतो, अजून गेलेला नाही... तरी विचारते. मंगळवारी तासभर माझ्या काउंटरला उभी राहशील का?

रविवारपर्यंत कळव.