सोयऱ्याच्या घरावर बोली

नानांना बरोबर घेऊन घर बघायला जाऊ नये, ही अक्कल मला दोन घरं हातची गेल्यावर आली. नाना म्हणजे माझे सासरे. जळगावातल्या आमच्या घरमालकाने दिवाळीपर्यंत जागा सोडा म्हणून सांगितलेलं. बाजारभावाने घर घ्यायची ऐपत नाही, म्हणून बँकेच्या लिलावातलं बघायचं ठरलं. नवऱ्याची नोकरी भुसावळला रेल्वेत, त्यामुळे सगळी धावपळ माझ्या गळ्यात.

लिलावाची रीत तशी सोपी. कर्ज थकलं की बँक पेपरात नोटीस देते. राखीव किंमत ठरलेली, तिच्याखाली बोली नाही. घर बघायला एक दिवस मिळतो. मग अनामत भरायची आणि ठरल्या वेळी ऑनलाइन बोली लावायची. घर जसं आहे तसं घ्यायचं, मागाहून गळतंय म्हणून रडायचं नाही. मूळ मालक बहुधा अजून तिथेच राहत असतो. पहिल्या घरी मी भिंती ठोकून बघत होते, नळ सोडून बघत होते. आणि आमचे नाना ओट्यावर बसून मालकाला विचारत होते, "भाऊ, तुमनं गाव कोनतं?"

चहा येईपर्यंत अमळनेरकडचं नातं निघालं. नात्यात बोली नको म्हणून पहिलं घर गेलं.

दुसरं धुळ्याला. एसटीत मी नानांना बजावून बजावून दमले, की गाव विचारायचं नाही. नानांनी शब्द पाळला. विचारलं त्या मालकानेच! आमच्या चुलतसासऱ्यांच्या व्याह्यांचा तो मेहुणा. नाना ताडकन उठले.

"सोयरान्हा घरवर कोनी बोली लावस का? भाऊ, आपलामाईन कोनीच येवाव नही."

मालक मान खाली घालून बसला. मला वाटलं, उपकाराने गहिवरला. परतताना मी म्हटलं, "नाना, आपण नाही तर दुसरा कोणी घेईलच ना?" ते म्हणाले, "बठ्ठा जग लेवो, आपन नही." सगळ्या जगाने घेतलं तरी चालेल, आपण नाही! घरी येऊन त्यांनी चोपड्यापर्यंत भावकीत फोन केले, कोणी बोली लावू नका म्हणून. माझा संताप संताप झाला. राहायला जागा नाही आणि हे नाती सांभाळत बसलेत!

लिलाव झाल्यावर त्या मालकाचाच फोन आला. नानांना कमी ऐकू येतं, म्हणून मीच स्पीकर लावला.

"नाना, बठ्ठा सोयरा मांगे सरकनात," तो म्हणाला. "बाहेरचा एकच माणूस आला, राखीव किमतीवर घर घेऊन गेला. दोघं-तिघं असते तर भाव चढला असता. बँकेचं भागून वरचे पैसे आम्हालाच मिळणार होते. आता काहीच उरलं नाही."

नाना पुन्हापुन्हा म्हणत राहिले, "पन भाऊ, सोयरासनीच बोली लावी असती, तर तुमले कसं वाटलं असतं..."

राखीव किमतीच्या बरंच वर जायची तयारी मी केली होती. ते त्याला सांगायची माझी हिंमत झाली नाही.