बक्षिसाचा फोटो

ऑफिसात तिला मावशी म्हणायचे. वय काही फार नव्हतं, चाळिशी नुकतीच उलटलेली. पण कुणाच्या घरी खून पडो की अपघात होवो, सगळ्यांच्या आधी दारात हीच हजर. "माय मरो पण मावशी जगो," म्हणत उपसंपादक खिदळायचे. तीही हसायची. न हसून सांगते कुणाला? गुन्हेगारीच्या पानावर बारा वर्षं राबूनही तिची खुर्ची अजून दाराशेजारीच होती.

मेलेल्या माणसाचा फोटो आणावा तर मावशीनेच. त्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. आणि एक नाही हं, घरात असतील नसतील तेवढे सगळे, म्हणजे मागून येणाऱ्या दुसऱ्या पेपरवाल्याला भिंतीवरचा खिळा तेवढा मिळायचा. ती घरात शिरायची, रडणाऱ्या बाईला पाणी द्यायची, पाठीवरून हात फिरवायची आणि निघताना अल्बम काखोटीला मारायची. परत आणून देते म्हणायची. बहुतेकदा ते राहूनच जायचं.

त्या मंगळवारी दुपारी तीनला इस्पितळातल्या वॉर्डबॉयचा फोन आला. औषधांच्या दुकानात काम करणारी मुलगी, गल्ल्यावर आलेल्या चोरट्याने भोसकलेली, आणली तेव्हाच गेलेली. घरचा पत्ताही त्यानेच दिला. संपादक म्हणाले, "सहाच्या आत फोटो आण. फक्त आपल्याकडे हवा. मग पानाची प्रमुख तू, शब्द देतो." हा शब्द ऐकायला तिने बारा वर्षं काढली होती.

दार उघडलं ते मुलीच्या आईने, हात पुसत, हसत. "कोण हवंय?"

हिला अजून काहीच माहीत नाही, हे मावशीला तिथल्या तिथे कळलं. आता माणसासारख्या माणसापुढे दोनच वाटा होत्या. बाईला खाली बसवून सांगावं, नाहीतर गुपचूप मागे फिरावं. या बयेने तिसरीच काढली.

"अभिनंदन, काकू! तुमच्या लेकीला औषधविक्रेत्यांच्या संघटनेचं बक्षीस मिळालंय. उद्या छापतोय. फोटो हवा होता."

"अगंबाई! आणि आमची घुमी सकाळी एका शब्दाने बोलली नाही!"

"तिलाही ठाऊक नाही अजून. फोन करू नका हं, घरी आली की सांगा."

आई लगेच स्टूल ओढून कपाटावरचा डबा काढायला चढली. तोंडाचा पट्टा चालूच. "शाळेतला नको, त्यात दात पुढे दिसतात. चिडेल माझ्यावर." तेवढ्यात टेबलावरचा मोबाइल वाजला. "घे गं जरा, मी इथे लटकलेय."

मावशीने घेतला. "पोलीस चौकीतून बोलतोय. तुम्ही मुलीच्या आई का?"

तिने स्टुलावरच्या त्या उंचावलेल्या टाचांकडे पाहिलं. "राँग नंबर," म्हणाली, फोनचा आवाज बंद केला आणि सोफ्यावरच्या उशीखाली सरकवला.

"कोण होतं?"

"कुणी नाही, चुकून लागला."

डब्यात अकरा फोटो होते. "सगळे कशाला गं?" आईने विचारलं. "निवडायला बरे पडतात, काकू." मावशी उठली. आईने तिला जिन्यापर्यंत सोडलं आणि दोन्ही हातांनी तिचा हात दाबला. मावशी साडेचारला ऑफिसात होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर मुलीचा हसरा फोटो. गावातल्या बाकी एकाही पेपरात फोटो नव्हता. मावशीची खुर्ची खिडकीपाशी गेली, खिदळणारे उपसंपादक तिला मॅडम म्हणू लागले. दुपारी ती चौकीत गेली, प्रमुख म्हणून पहिल्यांदाच. तिथला म्हातारा हवालदार तिच्या जुन्या ओळखीचा.

"काल फोनवर आधी कुणीतरी राँग नंबर म्हणालं, मग कुणी उचलेनाच," तो म्हणाला, "म्हणून शेवटी मीच गेलो. पाच वाजून गेले होते. घर माणसांनी भरलेलं. शेजारीपाजारी अभिनंदनाला आलेले, बाई. तिने अख्ख्या इमारतीला सांगितलं होतं. मला दारात पाहिलं आणि हसून म्हणाली, या या, तुम्हालाही कळलं का?"

मावशीने टेबलावरचा पेपर उलटा करून ठेवला.

"तीस वर्षं हे असले निरोप पोचवतोय मी. असा कधी पोचवला नव्हता." त्याने चष्मा काढला. "पेपरातली कोणी बाई आली होती म्हणे." आणि तो तिच्याकडे बघत राहिला.

 मावशीला लाज वाटली, रडूही आलं. तिला काळीज नव्हतं असं उगाच कुणी म्हणू नये.  मीच ती, हे शब्द ओठांपर्यंत आलेही. मग तिने पर्समधून वही काढली, पेनचं टोपण दातांनी उघडलं.

"हवालदार," ती म्हणाली, "नक्की किती माणसं होती घरात?"